नणंदेने दोन वाट्या खाल्लं आणि आता ते आइस्क्रीम रिकॉल झालंय

पत्र थोडक्यात: एका वाचक ताईंनी लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मुलाचा सातवा वाढदिवस घरीच केला, लहानमोठी मिळून पंचवीसेक माणसं होती, आइस्क्रीमचा मोठा टब आणि आइस्क्रीम केक दोन्ही एकाच कंपनीचं. नऊ दिवसांनी फोनवर बातमी दिसली की त्या कंपनीने काही बॅच परत मागवल्यात, लिस्टेरिया नावाचा जंतू असण्याची शक्यता आहे म्हणून. टब अजून अर्धा फ्रीझरमधे आहे आणि त्याच्यावरचा नंबर यादीतल्या नंबरशी जुळतोय. केकचा खोका केव्हाच कचऱ्यात गेला. आजारी कोणीच पडलेलं नाही. नवरा म्हणतो, एवढ्या थंडीत जंतू जगतात होय, आणि नऊ दिवस झाले, व्हायचं ते एव्हाना झालं असतं. पण पार्टीला नणंद होती, सहावा महिना चालू आहे, आधी एकदा गर्भपात झालेला, आणि तिने मागून मागून दोन वाट्या खाल्लं. सासूबाईंनी बजावलंय की तिला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, ती टेन्शन घेईल आणि त्यानेच बाळाला त्रास होईल. वर त्या असंही म्हणाल्या की एवढा टब टाकायचा कशाला, उकळून घेतलं की संपलं. ताईंना चार रात्री झोप नाही. त्या विचारतात, नणंदेला सांगू का, बाकीच्यांना सांगितलं तर 'हिने पोरांना काय खाऊ घातलं' असं होईल का, मुलाची टेस्ट करून घेऊ का, आणि यापुढे घरात आइस्क्रीम आणायचंच नाही का.

ताई,

सांगा. नणंदेला आजच सांगा, हे वाचून झाल्यावर नाही, शक्य असेल तर हे वाचायचं थांबवून आधी फोन करा आणि मग परत या. बाकीचं सगळं निवांत बोलता येईल.

मी काही डॉक्टर नाही, पण या प्रकरणात डॉक्टरांकडे जायचं की नाही आणि गेलं तर काय बोलायचं एवढं मला माहीत आहे, आणि तुमचा अडलेला प्रश्न तसाही औषधाचा नाहीये, घरातल्या माणसांचा आहे. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सारखी खटकत होती. तुम्ही दोन पारडी मांडलीत, एकात खरं सांगणं आणि दुसऱ्यात बाळाची काळजी, आणि आता कुठलं जड होतंय ते बघत बसलायत. ही दोन पारडी आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? सासूबाईंनी. त्या प्रेमाने बोलल्या हे मला मान्य, लेकीचं एकदा झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, ते पुन्हा नको एवढंच त्यांच्या मनात आहे. पण इथे त्यांचं गणित चुकतंय आणि ते का चुकतंय हे कळायला आधी तुमच्या मिस्टरांच्या दोन वाक्यांकडे जावं लागेल.

पहिलं वाक्य, फ्रीझरमधे जंतू मरतात. हे बहुतेक सगळ्यांनाच वाटतं, मलाही कित्येक वर्षं वाटायचं, त्यामुळे त्यांच्यावर चिडू नका. पण फ्रीझर म्हणजे जंतूंना फाशी नाही, नुसती कोठडी आहे. उणे 18 डिग्रीला लिस्टेरिया वाढत नाही, पण मरतही नाही, बर्फात गप पडून राहतो आणि बाहेर आला की पुन्हा कामाला लागतो. त्यात हा गडी जरा वेगळाच आहे, बाकीचे बरेच जंतू साध्या फ्रिजच्या 4 डिग्रीला ढिम्म होतात, हा तिथेही हळूहळू वाढत राहतो. त्याला मारते ती उष्णता. दूध पाश्चराइज करताना 72 डिग्रीला 15 सेकंद धरलं तरी तो जातो, मग तुम्ही म्हणाल आइस्क्रीम तर पाश्चराइज केलेल्या दुधाचंच असतं, त्यात हा आला कुठून? तर नंतर आला. दूध तापवून झाल्यावर ते किती पाइपांतून, टाक्यांतून, मशिनांतून जातं, त्यात सुका मेवा पडतो, बिस्किटांचे तुकडे पडतात, डबे भरले जातात, खाली फरशी कायम ओली, गटाराच्या जाळ्या, वरून गार पाइपावर जमलेलं पाणी टपकतंय, आणि हे सगळं झाल्यावर परत तापवणं काही नाही, थेट गोठवायचं आणि थेट वाटीत. लिस्टेरिया एकदा एखाद्या फटीत चिकटला की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतो आणि नेहमीच्या धुण्याने हलत नाही, महिनोन् महिने, कधी वर्षंसुद्धा.

वर्षंसुद्धा म्हणाले ते उगाच नाही. अमेरिकेत ब्लू बेल नावाची मोठी आइस्क्रीम कंपनी आहे, 2015 च्या सुरुवातीला साऊथ कॅरोलिनाच्या आरोग्य खात्याने नेहमीच्या तपासणीत त्यांचे नमुने घेतले आणि त्यात लिस्टेरिया निघाला. मग धागा मागे मागे ओढत गेले तर चार राज्यांतली दहा माणसं सापडली, दहाही हॉस्पिटलात दाखल झालेली, तीन गेलेली, आणि त्यांच्या आजारपणाच्या तारखा 2010 च्या जानेवारीपासून 2015 च्या जानेवारीपर्यंत पसरलेल्या. पाच वर्षं! एवढी वर्षं तो जंतू अधूनमधून कोणाला तरी गाठत होता आणि कोणाच्या लक्षातच येत नव्हतं, कारण दहा माणसं पाच वर्षांत विखुरली की ती दहा वेगवेगळी दुर्दैवं वाटतात. शेवटी जंतूंचे जनुकीय ठसे जुळवून हे एकाच माळेचे मणी आहेत हे कळलं. त्यातले पाच जण कॅन्ससमधल्या एकाच हॉस्पिटलात दुसऱ्याच कुठल्यातरी आजारासाठी ॲडमिट होते, आणि ज्या चौघांनी काय खाल्लं होतं ते कळू शकलं त्या चौघांनीही तिथे त्या आइस्क्रीमचा मिल्कशेक घेतला होता. एप्रिल 2015 मधे कंपनीने आपला सगळाच्या सगळा माल परत मागवला.

हे वाचून छाती धडधडली असेल तर थांबा, कारण याच गोष्टीची दुसरी बाजू तुम्ही पाहिली पाहिजे. एवढ्या मोठ्या कंपनीचा माल, पाच वर्षं, किती लाख वाट्या लोकांनी खाल्ल्या असतील, आणि आजारी म्हणून सापडलेले दहा. म्हणजे निरोगी मोठ्या माणसाने किंवा सात वर्षांच्या धडधाकट पोराने असं आइस्क्रीम खाल्लं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, फार तर एकदोन दिवस पोट बिघडतं. लिस्टेरिया कमी जणांना होतो पण ज्यांना होतो त्यांना वाईट होतो, आणि ते कोण हे आधीच माहीत असतं: गरोदर बायका, नवजात बाळं, पासष्टीच्या पुढची माणसं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय ती, म्हणजे केमो चालू असलेली, अवयव बदललेली, बरेच दिवस स्टिरॉइडवर असलेली वगैरे. गरोदरपणात हा धोका इतरांच्या साधारण दहापट असतो. त्यातही आईला स्वतःला फारसं काही होत नाही, थोडा ताप, अंग दुखणं, थकवा, आपण म्हणतो ना व्हायरल असेल, तेवढंच. पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचला तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा बाळाला जन्मतःच इन्फेक्शन अशा गोष्टी होऊ शकतात.

आता मिस्टरांचं दुसरं वाक्य, नऊ दिवस झाले. साध्या पोटाच्या त्रासाचं म्हणाल तर ते बरोबर आहे, तो एकदोन दिवसातच दिसतो. पण शरीरात शिरलेला लिस्टेरिया घाईत नसतो. बऱ्याच जणांना दोन आठवड्यांत कळतं, पण 70 दिवसांपर्यंतही लागू शकतात आणि गरोदर बायकांमधे तर अनेकदा काही आठवडे जातात. म्हणजे तुमच्या नणंदेसाठी नऊ दिवस ही सुरुवात आहे. वाढदिवसाच्या तारखेपासून 70 दिवस मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा, सहावा महिना चालू आहे म्हणजे ती खूण आठव्याच्या आसपास पडेल.

आता सासूबाईंचं गणित बघू. समजा नणंदेला काहीच सांगितलं नाही. बहुतेक काही होणारही नाही, सगळं छान पार पडेल आणि सासूबाई म्हणतील बघ, उगाच घाबरवलं असतंस. पण समजा चौथ्या आठवड्यात तिला ताप आला. साधा, शंभरच्या आसपास. ती काय करेल? जे कोणीही करेल तेच, तापाची गोळी घेईल, पांघरूण घेऊन झोपेल, दोन दिवस वाट बघेल, डॉक्टरांना फोन केलाच तर तेही हवापाणी बदललंय म्हणतील, कारण त्यांच्याकडे वेगळं काही वाटायचं कारणच नाही. आणि तिला जर माहीत असेल तर त्याच तापाला ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाईल आणि म्हणेल की मी अमुक तारखेला रिकॉल झालेलं आइस्क्रीम खाल्लंय, मग डॉक्टर रक्ताचं कल्चर पाठवतील आणि बहुतेक रिपोर्टची वाट न बघता अँपिसिलिन सुरू करतील, हे जुनं आणि गरोदरपणात भरपूर वापरलेलं औषध आहे, आणि वेळेवर दिलं तर बाळ वाचवता येतं. दोन्हीकडे ताप तोच आहे हो. मधे फरक फक्त तुमच्या एका फोनचा आहे. म्हणून म्हटलं की ती दोन पारडी नाहीत, खरं सांगणं आणि बाळाची काळजी एकाच पारड्यात आहेत.

आणि दुसरं, ती खबर तिला तुमच्याकडूनच कळेल असं तुम्ही गृहीत का धरताय? बातमी तुमच्या फोनवर आली तशी तिच्याही फोनवर येईल, कंपनीचं नाव तिला आठवत असेल, दोन वाट्या खाल्लेल्या माणसाला नक्कीच आठवत असेल. मग ती तुम्हाला फोन करेल आणि विचारेल, वहिनी तुला माहीत होतं का? तेव्हा काय सांगणार आहात? माझ्या मावशीचा एक रिपोर्ट घरच्यांनी असाच पंधरा दिवस दाबून ठेवला होता, तिच्या भल्यासाठीच. रिपोर्टचा धक्का तिने दोन दिवसांत पचवला, लपवल्याचा राग ती पुढे कित्येक वर्षं काढत होती, अगदी लग्नकार्यात सुद्धा.

टेन्शनचं म्हणाल तर येईल थोडं, नाही कसं म्हणू. पण अर्धवट माहितीचं टेन्शन आणि पुढे काय करायचं ते माहीत असलेलं टेन्शन यात फरक असतो. म्हणून तिला नुसती बातमी देऊ नका, सोबत पुढची पायरी द्या. मी असते तर साधारण असं बोलले असते: "अगं, वाढदिवसाला आपण आइस्क्रीम खाल्लं ना, ती बॅच कंपनीने परत मागवलीय. एक जंतू असण्याची शक्यता आहे म्हणतात, आहेच असं नाही. तुला आत्ता काही होत नसेल तर बहुधा काहीच करायचं नाहीये, पण तुझ्या डॉक्टरांना फोन करून एवढं कानावर घाल, मी टबचा आणि नोटिसचा फोटो पाठवते तोच त्यांना दाखव. आणि पुढचे दोन-अडीच महिने ताप आला, अंग ठणकलं, तर घरी गोळी घेऊन झोपू नकोस, सरळ दवाखान्यात जा, मी येते सोबत." बस. ब्लू बेलची गोष्ट सांगू नका, गर्भपात हा शब्द तुम्ही काढू नका, तिच्या मनात तो आहेच, विचारलंन तर खोटं बोलू नका इतकंच. मेसेज करू नका, फोन करा, आणि रात्री अकराला नको, दवाखाना उघडा असेल अशा वेळेला, म्हणजे तिला लगेच फोन लावता येईल. तिच्या नवऱ्याला आधी गाठून "तुम्हीच ठरवा सांगायचं का" हा मार्ग पण तुमच्या मनात येईल, तो नका घेऊ, शरीर तिचं आहे आणि तुम्ही फक्त लपवणाऱ्यांची संख्या एकाने वाढवाल. सासूबाईंना मात्र आधी सांगा. विचारू नका, सांगा, की आई मी आज तिला फोन करतेय आणि का करतेय ते असं असं आहे. तापाचं उदाहरण द्या, आईला ते पटकन कळतं.

डॉक्टर काय करतील याचीही थोडी कल्पना असू द्या, नाहीतर तुम्हालाच वाटेल की एवढं सांगून त्यांनी काहीच केलं नाही. काही त्रास नसलेल्या गरोदर बाईने असं काही खाल्लं असेल तर अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की टेस्ट नको, औषध नको, फक्त दोन महिने लक्ष ठेवा आणि लक्षणं दिसली तर लगेच या. तेव्हा डॉक्टर "काही नाही, ताप आला तर या" म्हणाले तर ते तुम्हाला वाटेला लावत नाहीयेत. आणि तुमच्या मुलाच्या टेस्टचं उत्तर पण यातच आलं. नको. तो सात वर्षांचा आहे, खेळतोय, खातोय, त्याला सुई टोचून काही कळणार नाही, शौचाची तपासणी तर लिस्टेरियासाठी फारशी कामाचीच नसते. त्याला सणकून ताप आला, डोकं फार दुखतंय म्हणाला, मान वाकवता येत नाही, झोपाळल्यासारखा करतोय, जुलाब थांबत नाहीत असं काही झालं तरच न्या, आणि नेलंत तर आइस्क्रीमचं सांगायला विसरू नका. कोणीही, अगदी कोणीही, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खबरदारी म्हणून घ्यायच्या नाहीत.

इथे बाकीच्या वाचकांसाठी एक गोष्ट मधेच सांगते, रिकॉलची नोटीस आली की आधी त्यात जंतू कुठला लिहिलाय ते बघा, सगळ्यांना एकच नियम नाही. साल्मोनेला असेल तर त्याचा हिशेब वेगळा, तो साधारण 6 तासांपासून 6 दिवसांच्या आत दिसतो, ताप, जुलाब, पोटात कळा, म्हणजे तिथे नऊ दिवस झाले हे वाक्य चाललं असतं. पण साल्मोनेला गाठतो तेव्हा एकदम घाऊक गाठतो. 1994 साली अमेरिकेतच श्वान्स नावाच्या कंपनीच्या आइस्क्रीममुळे अंदाजे 2,24,000 लोक आजारी पडले होते आणि कारण काय, तर आइस्क्रीमचं पाश्चराइज केलेलं मिश्रण ज्या टँकरमधून नेलं त्याच टँकरने आधी कच्ची अंडी वाहिली होती. आइस्क्रीम बनवण्यात चूकच नव्हती, गाडीत होती! मला ही गोष्ट कायम डोक्यात राहते, कारण आपण डब्यावरचं नाव बघून विश्वास ठेवतो किंवा मोडतो आणि खरी भानगड त्या नावाच्या कितीतरी मागे कुठेतरी असते.

त्यावरूनच तुमच्या लाजेकडे येते. "हिने पोरांना काय खाऊ घातलं" असं कोणी म्हणेल का? एखादी म्हणेल, अशी एक प्रत्येक घरात असते. पण तुम्ही बंद टब आणला, तारीख बघून आणला, नीट गोठलेला आणला, यापलीकडे घरातल्या माणसाला बघायला काही नसतं, लिस्टेरियाला वास नाही, चव नाही, रंग नाही. नऊ दिवसांपूर्वी तुमची काहीच चूक नव्हती. आज मात्र तुम्हाला माहीत आहे आणि बाकीच्या चोवीस जणांना नाही, एवढाच तुमच्याकडे आलेला भार आहे आणि तो एका मेसेजने उतरतो. पार्टीच्या ग्रुपवर टाकून द्या: वाढदिवसाला दिलेल्या आइस्क्रीमची बॅच कंपनीने परत मागवलीय, लिस्टेरियाची शक्यता आहे, आमच्याकडे कोणाला काही झालेलं नाही, तुमच्याकडे गरोदर, वयस्कर किंवा उपचार चालू असलेलं कोणी असेल आणि त्यांनी खाल्लं असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा, बाकीच्यांनी ताप आला तर लक्षात असू द्या. माफीनामा लिहू नका, "सॉरी सॉरी" ने सुरू केलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय. आणि मेसेजवर सगळं सोडू नका, पंचवीस माणसांत आजी-आजोबा कोण होते, कोणाचं ऑपरेशन झालंय, कोणाच्या घरी तान्हं आहे हे तुम्हाला तोंडपाठ असेल, त्या चारपाच घरांना फोनच करा. पोरांच्या आयांपैकी कोणी गरोदर असून अजून कोणाला सांगितलेलं नसेल हेही शक्य आहे, तिला मेसेजवरूनच कळेल आणि ती गुपचूप डॉक्टरांना फोन करेल, त्यासाठी तरी मेसेज हवाच.

सगळ्यात जास्त मी भांडणार आहे ती "शक्यता" या शब्दासाठी. तुमच्या घरात त्याचे दोन अर्थ चाललेत, मिस्टरांसाठी शक्यता म्हणजे काही नाही आणि तुमच्यासाठी शक्यता म्हणजे झालंच. दोन्ही नाही. रिकॉल बऱ्याचदा कोणी आजारी पडायच्या आधीच होतो, कारखान्यात कुठेतरी स्वॅब घेतला, मशिनवर किंवा एखाद्या नमुन्यात जंतू निघाला, तर त्या दिवसांत तिथून बाहेर पडलेला सगळा माल परत बोलावतात, त्यातल्या बहुतेक डब्यांत काहीच नसलं तरी. 2024 च्या जूनमधे अमेरिकेत टोटली कूल नावाच्या कंपनीने साठहून जास्त प्रकारची आइस्क्रीम अशीच मागवली, तेव्हा आजारी पडल्याची एकही तक्रार आलेली नव्हती. आणि तिथली गंमत म्हणजे, गंमत कसली, लक्षात ठेवायची गोष्ट, ती सगळी एका नावाने विकली जात नव्हती, वेगवेगळे ब्रँड होते पण कारखाना एकच. तेव्हा फ्रीझरमधे दुसऱ्या नावाचं काही असेल तर तेही यादीशी ताडून बघा, आमच्याकडचं तर वेगळ्या कंपनीचं आहे म्हणून सोडू नका.

टब उकळायचा का, तर नाही. उकळल्याने जंतू मरतील हे सासूबाईंचं खरं आहे, पण तो टब वितळवायचा, पातेल्यात ओतायचा, चमचा ओट्यावर ठेवायचा, हात पुसायचे, या सगळ्यात तो जंतू टबातून तुमच्या स्वयंपाकघरात येतो आणि मग फ्रिजमधे जाऊन आरामात वाढतो. अर्ध्या टबासाठी एवढा उपद्व्याप कशाला? आधी झाकणाचा, बुडाचा, नंबराचा फोटो काढा, फ्रीझरमधला नंबर बर्फाखाली जातो तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून टॉर्च मारून काढा. पैसे परत मिळत असतील तर तो फोटो आणि बिल लागेल. मग टब दोन पिशव्यांत गुंडाळून, गाठ मारून, झाकणाच्या कचऱ्यात. घरातल्या कुत्र्यामांजराला घालायचा नाही आणि "आम्ही नाही खात, तुम्ही न्या" म्हणून कोणाला द्यायचाही नाही. टब जिथे होता तो कप्पा गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, मग साधारण चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्या पाण्याने पुसून घ्या आणि कोरडं होऊ द्या. शेजारी उघडं काही ठेवलेलं असेल तर तेही टाका.

केकच्या खोक्याचं म्हणाल तर नंबर नसेल तेव्हा तो यादीतलाच होता असं धरून चालायचं, त्यात नुकसान काही नाही, सगळा तर खाऊन झालाय, फक्त केक खाल्लेल्यांनाही तोच मेसेज लागू होतो. पण वाढदिवसाचे फोटो एकदा झूम करून बघा. केक कापताना मागे टेबलावर खोका असतोच असतो आणि कोणीतरी नेमका त्याचाच फोटो काढलेला असतो.

यापुढे आइस्क्रीम आणायचंच नाही का? आणा की. मी तर आणते. फ्रीझर उणे 18 ला आणि फ्रिज 4 किंवा त्याच्या खाली ठेवायचा, दुकानातून घरी येईपर्यंत वितळून पाणी झालेला टब परत गोठवायचा नाही, आणि मोठा पाहुणचार असेल तर पाहुणे जाईपर्यंत खोका टाकायचा नाही, नव्हे, आठवडाभर ठेवा किंवा फोटो काढून ठेवा. नणंदेने मात्र बाळंतपण होईपर्यंत मशिनमधून येणारं सॉफ्ट आइस्क्रीम आणि बाहेरचे मिल्कशेक टाळावेत असं मला वाटतं, आत जाणारा माल चांगला असला तरी ते मशिन किती वेळा उघडून धुतलं जातं हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

आणि हो, तो स्कूप. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की टब अर्धा आहे आणि "स्कूप पण त्यातच आहे". तो बाहेर काढून पुसून खणात ठेवू नका. एकतर टबाबरोबर टाका, नाहीतर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं घालून मग धुवा.